आधी वाफ, मग हात

खडखड करून पातेल्यावरचं झाकण उडालं आणि दुपारचं निजलेलं घर, ती, नवरा आणि लेक, दचकून जागं झालं.

"आलं आमचं इंजिन!" नवरा उठलाच. त्याने झाकण कलतं केलं आणि फटीतून सुटलेल्या वाफेपुढे कागदाचं भिरभिरं धरलं. ते गरगरलं तशी कडेवरची लेक खिदळली. मूर्ती एवढीशी, पण प्रश्न असे विचारी की बाप तिला म्हातारी म्हणे.

"हे बघ म्हातारे, आमचं टर्बाइन असंच. फक्त लोखंडाचं, आणि आपल्या घरात मावणार नाही एवढं. वाफ त्याला ढकलते, ते जनित्राला फिरवतं, जनित्रातून वीज निघते. आता हळूच बोट लाव."

लेकीने पात्याला बोट लावलं. भिरभिरं मंदावलं.

"हे बोट म्हणजे अख्ख्या गावाचे दिवे, पंखे, गिरण्या. सगळे मिळून चाकाला धरून ठेवतात. सोड आता."

भिरभिरं पिसाटलं आणि टाचणीतून फाटून चुलीमागे जाऊन पडलं.

"फाटलं!"

"म्हणून आधी वाफ बंद करायची, मग हात सोडायचा. काय?"

"आधी वाफ, मग हात."

"शाब्बास. तुझ्या आईला हे शिकायला वर्ष लागलं."

"आणि तुझ्या बाबाला पातेलं उतरवायला अजून येत नाही," ती फडक्याने पातेलं खाली घेत म्हणाली. "चला अहो, कामाची पाळी चुकेल." नणंदेकडे लेक सोपवून दोघं निघाली.

कारखान्यात तो खाली यंत्रापाशी, ती वर नियंत्रण कक्षात. मधे जाड काच. खाली गडगडाट एवढा की फोनवर शब्द कळत नसे. म्हणून सगळ्यांची खूण ठरलेली होती. यंत्र थांबवताना वाफेची मोठी झडप पुरती बंद झाली, की खालच्याने रिसीव्हरवर पान्याने दोनदा ठोकायचं. टक, टक. मगच वरच्याने जनित्र गावाच्या तारांपासून तोडायचं. झडप जुनी, अडून बसणारी. तिचं नाव सासू. घण घातल्याशिवाय ती हलत नसे.

त्या दिवशी एक बेअरिंग तापत गेलं. आधी पिवळा दिवा, मग लाल, मग भोंगा. साहेब धावत आत आले.

"थांबव यंत्र!"

तिने वाफ बंद करायचं बटण दाबलं. विजेचा काटा भराभर उतरला आणि शून्याच्या जरा वर अडकला. सासू अडली होती. काचेतून तिला दिसलं, नवऱ्याने रिसीव्हर झडपेच्या कठड्यावर ठेवला आणि घण उचलला. त्याच्या मागे पहिलवान, त्याचा जोडीदार, पहार घेऊन. इतक्यात बेअरिंगमधून काळा धूर उसळला आणि दोघंही त्यात बुडाले.

"तोड!" साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. "जळून खाक होईल सगळं!"

"खूण येऊ द्या, साहेब."

"खूण गेली खड्ड्यात! तोड म्हणतो ना!"

तिने फोन कानाला गच्च दाबला. टक. टक.

काटा अजून शून्याच्या वरच होता. तो तिने पाहिलासुद्धा. पण त्या ठोक्यांवर तिचा पुरता भरवसा होता. खाली आपलाच माणूस होता. तिने जोडणी तोडली.

आणि फोनमध्ये तिसरा ठोका पडला. मग चौथा.

कुणीच धरलेलं नव्हतं आता त्या चाकाला. गडगडाट चढत चढत किंकाळी झाला. ती ओरडली, पण तिचं ओरडणं तिलाही ऐकू आलं नाही. पायाखालची फरशी थडथडली, मग टर्बाइनचं पोलादी कवच अंड्यासारखं फुटलं. हातभर लांबीची पाती छत फाडून गेली, खांबात रुतली, काच फोडून आत घुसली. एका पात्याने भिंतीवरचं घड्याळ खिळ्यासकट नेलं. तेलाच्या नळ्या तुटल्या आणि तापल्या लोखंडावर तेल पडताच आगीचा लोळ काचेच्या रिकाम्या चौकटीतून वर आला. वाफेचा पांढरा लोट खालची माणसं गिळत सुटला.

ती जिन्याकडे धावली तर वाफेने तोंड भाजून मागे फेकली गेली. पुन्हा धावली. साहेबांनी दंड धरला तेव्हा ती त्यांच्या मनगटाला कडकडून चावली.

जिन्यावरून पहिलवान वर आला. एक कान लोंबत होता, हाताची कातडी सोलून निघाली होती. त्याने सरळ साहेबांचा गळा धरला आणि त्यांना भिंतीवर आपटलं. एकदा, दोनदा. साहेबांच्या नाकातून रक्ताची धार लागली.

"कुणी तोडलं? सासू उघडी होती! कुणी तोडलं?"

"मी," ती म्हणाली. "भाऊजी, मी तोडलं. खूण आली होती."

त्याची उगारलेली मूठ हवेतच राहिली. "खूण नव्हती, वहिनी. तो सासूवर घण घालत होता."

"आणि तो?"

पहिलवानाने साहेबांना सोडलं आणि तीच मूठ स्वतःच्या कपाळावर मारत सुटला. ती त्याच्या हाताला लोंबकळली, तेव्हा कुठे थांबला. वाफ ओसरल्यावर ती खाली गेली. नवरा झडपेपाशीच पडला होता. घणाचा दांडा अजून त्याच्या मुठीत होता.

उजाडल्यावर ती घरी आली. तोंडावर पट्टी, केसांत काचेचा चुरा. नणंद दारातच तिच्या गळ्यात पडली. गावात कळायचं ते कळलं होतं. लेकीने मात्र आत्याकडून नवं भिरभिरं करून घेतलं होतं. ती आईकडे बघत राहिली, मग खिडकीबाहेरच्या काळ्या धुराकडे.

"आत्या म्हणते, बाबाचं चाक फुटलं."

"हो गं राणी."

"म्हणजे वाफ चालू होती." तिने पात्याला बोट लावलं आणि विचारात पडल्यासारखं ते काढून घेतलं. "मग आई, हात कुणी सोडला?"