थोरलीचा कोपरा

काचेच्या चार बशा. प्रत्येकीत ओला टिपकागद, प्रत्येक कागदावर कांद्याचं शंभर बी. बाराव्या दिवशी सकाळी मी चिमट्यानं कोंब वेगळे करत मोजले : एक्केचाळीस, अडतीस, चव्वेचाळीस, चाळीस. चारशेपैकी एकशे त्रेसष्ट. पुन्हा मोजले. तेवढेच.

अभिमन नाना दारातल्या बाकावर टोपी हातात घेऊन बसले होते. अमळनेरहून पहिल्या गाडीनं जळगावला आले होते.

"किती?"

"शेकडा एक्केचाळीस."

"बी विकत घ्यायला संघाला सत्तर लागतात."

"हो."

त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली. "साहेब, तुम्ही शिकलेले. एक विचारू? हात वाईट असतो का माणसाचा?"

"कुणाचा हात?"

"आमच्या मंडळींचा. गावात म्हणतात, दोनदा कुंकू लावलेल्या हातानं पेरलेलं उगवत नाही. परवा संघाच्या माणसानंही हसत हसत तेच सांगितलं. यंदा नापास झालं तर झालं, पुढच्या वर्षीही झालं तर उत्पादकांच्या यादीतून नाव कायमचं काढणार. ती म्हणते, मी भावाकडं निघून जाते, माझ्यापायी तुमचं हसं नको."

बी-तपासणीच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागून नऊ महिने झाले होते. आकडा लिहायचा आणि कागद पाठवायचा, एवढंच आमचं काम. का, हे कोणी विचारत नसे. पण उरलेलं दोनशे सदतीस बी माझ्यासमोर होतं आणि ते पोसलेलं, काळंभोर होतं. एकाही दाण्याला कीड नव्हती. हे बी शेतात मेलेलं नव्हतं. चांगलं तयार झालं होतं आणि नंतर कधीतरी, कुठंतरी मेलं होतं.

"रविवारी मी येतो तुमच्याकडं," मी म्हणालो.

अमळनेरच्या स्टँडवर नाना घ्यायला आले होते. गाव बोरीच्या काठी, दोन मैल. वाटेत मी विचारत गेलो आणि ते सांगत गेले. बत्तीस वर्षं जिनिंगमध्ये फिटर. पहिली बायको गेल्याला सहा वर्षं. निवृत्त झाल्यावरही भोंगा झाला की जाग यायची. मग डबा नसतानाच फाटकापर्यंत जाऊन परत यायचे. एकदा शिंदखेड्याच्या बाजारात एक बाई कांद्याचं बी विकताना दिसली. बी पाण्यात टाकून, तरंगलेलं काढून, बुडालेलं तेवढंच ती विकत होती.

"मी विचारलं, असं का? म्हणाली, हलकं बी खोटं. मग पुढचे चार बाजार गेलो."

"बी घ्यायला?"

"बी कशाला घेतोय! माझी वीस गुंठे जमीन पडीत होती." नाना हसले. "पाचव्या बाजाराला तिच्या भावानं पाट लावायचं विचारलं. तिनं एकच अट घातली. जमीन मी सांगेन तशी करायची. अठ्ठावन्नाव्या वर्षी मला मुकादम मिळाला बघा."

गावात शिरताच पारावरून एकानं हाक दिली. "नाना, साहेब पंचनामा कराले उनात का?"

"हो रे कौतिक. तू साक्षीला ये!" नाना न थांबता म्हणाले.

नानांच्या घरी पार्वताबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. पंचेचाळीस-सत्तेचाळीस वय. गळ्यात मण्यांच्या बरोबरीनं काळ्या दोऱ्यात एक चांदीचा टाक. तो सवतीचा टाक. पाटाची बायको थोरलीच्या नावानं तो घालते, रोज पुजते. त्यांनी मला पाट दिला, पाणी दिलं, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "भाऊ, मना हातमाच खोट शे. लोके खोटं नही म्हणतस."

"हे बी आणखी कुणाला दिलं होतं का?"

"भाऊले धाडं व्हतं. पसाभर. वैशाखमा, काढं तव्हयच."

"त्याचं काय झालं?"

भाकरी तव्यावर टाकायची राहिली. "त्यानं तं बठ्ठं उगनं."

भावाकडं सगळं उगवलं होतं. म्हणजे हात एकच, शेत एकच, पीक एकच. फरक फक्त त्यानंतरचा. मी विचारलं, इथलं बी कुठं ठेवलं होतं? त्यांनी वर बोट केलं. चुलीच्या वर फळी होती. फळीवर तोंड फडक्यानं बांधलेलं मडकं, धुरानं काळं झालेलं.

"मनी आई भोपळानं बी चुल्हावरच टांगे. कीड लागस नही."

ते खरं होतं. पण भोपळ्याच्या बियांना जाड साल असते, कांद्याच्या बियांना नसते. मी पिशवीतून उष्णतामापक काढून फळीवर ठेवला आणि भाकऱ्या होईपर्यंत वाट पाहिली. एक्कावन्न अंश. ओट्यावर तेहेतीस होते.

"आणि पहिल्या घरी कांद्याचं बी कुठं ठेवायच्या तुम्ही?"

"थंड कोपरामा. राख घालीसन."

"इथं तसा कोपरा नाही?"

त्या परातीतलं पीठ झटकू लागल्या. नाना म्हणाले, "आहे की. आतल्या खोलीत."

खोली उत्तरेकडची होती. कोपऱ्यात सात मडक्यांची उतरंड होती, वरच्यावर पालथी वाटी. धूळ कुठंच नव्हती. जमीन शेणानं सारवलेली होती, पण सारवण उतरंडीच्या भोवती गोल फिरून गेलं होतं. मडक्याखालची जागा जुनीच राहिली होती. उष्णतामापक तिथं सत्तावीस दाखवत होता.

"मग इथं का नाही ठेवलं?" मी विचारलं.

"ती थोरलीनी जागा शे," पार्वताबाई म्हणाल्या.

नाना त्यांच्याकडं बघत राहिले. "मी कधी म्हटलं, हात लावू नको?"

"म्हनं नही." त्यांनी पदर सारखा केला. "लाव, असं बी म्हनं नही."

दोन वर्षं ती बाई त्या कोपऱ्याभोवती सारवत होती आणि दोन वर्षं नानांच्या ते ध्यानात आलं नव्हतं. आता ते उकिडवे बसले. वरची वाटी उचलली. मग पहिलं मडकं, दुसरं, तिसरं. रिकामं, रिकामं, थोडी तुरीची डाळ, तीही भुंग्यानं पीठ केलेली. यंत्राचे भाग मांडावेत तशी ते मडकी ओळीनं जमिनीवर मांडत होते. सातव्यात राख होती. त्यांनी राखेत हात घातला आणि मूठ बाहेर काढली. दुधीच्या बिया. नऊ.

चुलीवर दूध उतू गेल्याचा वास आला, पण पार्वताबाई उठल्या नाहीत. त्यांनी नानांच्या हातातून बिया घेतल्या, एकेक करून बोटांनी दाबून पाहिल्या.

"सहा वर्सनं बी," त्या म्हणाल्या. "उगी का नही, कोन जाणे."

"पेरून बघ," नाना म्हणाले. मग सातवं मडकं पार्वताबाईंपुढं सरकवलं. "आणि हे तुझ्या कांद्याला घे. राख आहेच."

पुढच्या वर्षी, एकोणीसशे सत्तरच्या श्रावणात, नाना पुन्हा आले. एका पिशवीत नमुना, दुसरीत हातभर लांबीचा दुधी. दुधी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला.

"थोरलीचा," ते म्हणाले. "नऊमधले दोन वेल आले. मंडळींनी कुंपणाला चढवले आहेत."

"त्या नाही आल्या?"

"रोप टाकायचंय म्हणाली. मला सुट्टी दिली, पाचच्या गाडीपर्यंत."

मी नमुन्याचा कागद भरायला घेतला. उत्पादकाचं नाव, या रकान्यात मी सवयीनं 'अ' लिहिलं. नानांनी टेबलावर बोट ठेवलं.

"ते खोडा. तिचं लिहा."

मी खोडलं, आणि लिहिलं : पार्वताबाई अभिमन महाजन.

बाराव्या दिवशी मोजलं. शहाऐंशी, अठ्ठ्याऐंशी, पंच्याऐंशी, एकोणनव्वद. चारशेपैकी तीनशे अठ्ठेचाळीस.