परत आलेली काढ्याची किटली

मी काढ्याची किटली बोलतेय. मातीची, पोटाने गोल, आखूड तोटीची. सध्या मी ताइनान शहरातल्या एका गल्लीत, बंद दाराबाहेरच्या पायरीवर बसले आहे. मला कुणी आत घेत नाही आणि फेकून द्यायचीही कुणाची छाती होत नाही. माझी कीव करू नका. मी इथे सूड उगवायला बसले आहे आणि माझं छान चाललं आहे.

माझा जन्म भट्टीतला. चाळीस वर्षांपूर्वी श्यूमेइबाईंनी मला बाजारातून घरी आणलं. त्यांच्या लेकाचा, पोहानचा, लहानपणीचा खोकला, त्यांच्या नवऱ्याची सांधेदुखी, सगळ्यांसाठी मी उकळले. आजाऱ्याला घाम फुटून बरं वाटलं की मला धन्य वाटायचं. तेव्हा मी स्वभावाने भली होते.

पुढे पोहानचं लग्न झालं. सून युनलिंग शाळेत संगीत शिकवायची. चार वर्षं झाली तरी पाळणा हलेना, तेव्हा दोघं दवाखान्यात गेली. इंजेक्शनं देऊन तिची बीजं वाढवायची, ती काढून बाहेर गर्भ तयार करायचा आणि मग पोटात ठेवायचा, असं ठरलं. युनलिंग एकोणचाळीस वर्षांची होती. फार खेपा मिळणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

त्याच आठवड्यात श्यूमेइबाई मला टोपलीत घालून, दोन गल्ल्या ओलांडून सुनेकडे आल्या.

"घे. रोज सकाळी काढा. बर्फाचा चहा ढोसून ढोसून पोट थंडगार करून ठेवलंयस. थंड चुलीवर भात शिजतो का कधी?"

"आई, आधी दवाखान्यात विचारते."

"विचार, विचार! तुझा दवाखाना नव्हता तेव्हा बायका बाळंत होतच नव्हत्या जणू. आणि किटली परत आणायची नाही हं. लागली तर मी येऊन नेईन."

आमच्याकडे औषधाचं भांडं उसनं न्यावं, पण परत करू नये. परत केलं की दुखणंही त्याच्यासोबत त्या घरात शिरतं, असं मानतात. एवढं लक्षात ठेवा.

नर्सने पोहानच्या हाती एक कागद दिला होता. तो त्याने फ्रिजवर लावला. त्यावर युनलिंगसाठी लिहिलं होतं, भरपूर पाणी प्या, अंडी-मासे खा, हळू चाला, धावू नका, झोप मोडू नका, विचारल्याशिवाय जडीबुटी घेऊ नका. खालचा अर्धा भाग पोहानसाठी होता. सिगारेट बंद, आणि गरम पाण्याच्या कुंडात अजिबात बसायचं नाही, कारण पुरुषाच्या बीजाला उष्णता सोसत नाही. त्याचं बीज आधीच कमी होतं. हा भाग त्याने आत दुमडला आणि वर चुंबक ठेवलं. हे मी ओट्यावरून माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

युनलिंग कागदातलं सगळं पाळायची. इंजेक्शन रोज ठरल्या वेळी, एक दिवस बेंबीच्या डाव्या बाजूला, एक दिवस उजव्या. पोट फुगून जड झालं की देवळापर्यंत सावकाश फेरी मारून यायची आणि वाटीभर माशाचं सूप प्यायची. एवढं नेमाने करून रोज सकाळी मात्र सासू काढा घेऊन समोर उभी. शेवटचा घोट गिळेपर्यंत त्या हलायच्या नाहीत. शनिवारी सून शिकवणीला गेली की लेकाला म्हणायच्या, "जा रे बाळा, कुंडात बसून ये. तुलाही ऊब हवी." बाळ जायचा. संध्याकाळी त्याच्या पंच्याला कुंडातल्या गंधकाचा वास यायचा.

मी काय करणार? उतू गेले. तीनदा गॅस विझवला. एकदा श्यूमेइबाईंच्या मनगटावर असा चटका दिला की मला दिवसभर बरं वाटलं.

दहाव्या दिवशी नर्सचा फोन आला. "तुमच्या यकृताचे आकडे वाढलेत. आणखी काही घेताय का?" समोर सासू चमचा धरून उभी होती. युनलिंग "नाही" म्हणाली. ती खेप डॉक्टरांनी थांबवली.

ती मोरीच्या नळाखाली तोंड धरून रडली. श्यूमेइबाई म्हणाल्या, "पोटच थंड, त्याला कोण काय करणार?" पोहान म्हणाला, "आई, जाऊ दे ना," आणि पुन्हा मोबाइलमध्ये घुसला. मग बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "ही किटलीही अपशकुनी निघाली!"

चाळीस वर्षं चाकरी केली, त्याचं हे बक्षीस! बरं करण्याच्या भांड्याला यांनी एका धडधाकट बाईवर उगारलं आणि वर मीच अपशकुनी. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, याची परतफेड होणार.

दुसऱ्या दिवशी युनलिंगने नर्सला खरं सांगितलं. नर्स चिडली नाही. "काढा आजपासून बंद. आणि तुमचे मिस्टर गरम कुंडात जातात का? त्यांचा रिपोर्ट आधीपेक्षा वाईट आलाय." युनलिंगने फोन ठेवला. दोरीवरचा पंचा हुंगला. मग फ्रिजवरचा कागद काढून उलगडला आणि उभ्या उभ्या दोनदा वाचला. मला स्वच्छ घासलं, कोरडं पुसलं आणि कागद माझ्या पोटात ठेवला.

रविवारी श्यूमेइबाईंकडे जेवायला त्यांच्या दोन्ही जावा होत्या. युनलिंगने मला थेट भाताच्या भांड्याशेजारी ठेवलं.

"आई, तुमची किटली परत आणलीय."

मोठ्या जावेच्या हातातून जेवायच्या काड्या निसटल्या. "अगं बाई! औषधाचं भांडं कुणी परत करतं का?"

"दुखणं ज्या घरचं, त्या घरी आणलं, काकू." तिने कागद काढून खालचा भाग मोठ्याने वाचला.

धाकटी जाऊ खुदकन हसली. "म्हणजे शनिवारी बाळाला उकडायला घालत होतात होय, वहिनी?" पोहानचे कान लाल झाले. मला तर नाचावंसं वाटत होतं.

त्याच दुपारी त्यांनी मला काठीने ढकलत पायरीवर आणलं. फोडलं तर वंशाला बाधा येईल, आत घेतलं तर दुखणं येईल. म्हणून रोज सकाळी दार उघडलं की पहिलं दर्शन माझं.

युनलिंगने आपल्या घराचं कुलूप बदललं, सासूकडची जुनी चावी लागेनाशी झाली. पोहानची चावीही तिच्याकडेच राहिली, कुंड आणि सिगारेट सुटेपर्यंत. चार महिन्यांनी नवी खेप झाली. तारीख सासूला कुणी सांगितली नाही. पूर्वी सुनेच्या पाळीचे दिवस बोटांवर मोजणाऱ्या बाईंना आता काही म्हणजे काही कळत नाही.

काल युनलिंग गल्लीतून सावकाश चालत आली. सपाट चपला, हातात पाण्याची बाटली. श्यूमेइबाई अनवाणी बाहेर धावल्या.

"युनलिंग, काय झालं गं? राहिलं का? सांग ना!"

युनलिंग माझ्यापाशी वाकली. तोटीला तोंड लावून हळूच एक शब्द बोलली. मग सरळ उभी राहिली आणि रस्त्यात कुणालाही विचारावं तसं विचारलं, "जेवलात का, आई?"

"जेवले," श्यूमेइबाई म्हणाल्या. सून कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या.

वाचकहो, दुसऱ्याच्या पोटात काही ओतण्याआधी त्याला विचारत जा. एवढं सांगून मी गप्प बसते. तो शब्द माझ्या पोटात आहे. श्यूमेइबाई दाराच्या फटीतून दिवसभर माझ्याकडे बघतात. ऐकायचा असेल, तर त्यांनी मला दोन्ही हातांनी उचलावं आणि घरात घ्यावं.