हार कुणाच्या हातचा

निशिगंधा ओट्यावर कोळंबी सोलत होती. तळवलीच्या त्या गल्लीत नळावर रोजचीच भांडणं चालली होती आणि तिच्या दारासमोर हौसेरावांची माणसं फ्लेक्स बांधत होती. तिचा नवरा विपुल सीमेवर शहीद झाला, त्याला आज वर्ष झालं. फ्लेक्सवर विपुल कोपऱ्यात, एवढासा. मधोमध हौसेराव, हात जोडून, दात काढून! मेलं कोण, असा प्रश्न पडावा.

हौसेराव म्हणजे बिल्डर आणि गावचे पुढारी. विपुलच्या फोटोचा बॅज त्यांनी गावभर प्रत्येकाच्या छातीवर लावायला लावला होता. तोच त्यांनी निशिगंधापुढे धरला.

"लाव सूनबाय. आनि संध्याकाली श्रद्धांजलीला मागं बस. हार सवाष्नी घालतील. विधवेच्या हातचा हार अपशकुनी."

"माज्याच नवऱ्याला माजा हात अपशकुनी?"

"रीत हाय ती."

"मंग बॅज तुमीच मिरवा. माजा नवरा माज्या मनान हाय. तो छातीवर टाचून दाखवायची मना गरज नाय."

झालं! दुपारपर्यंत गावभर बोभाटा. शहिदाची बायको, आणि बॅज नाही! शेजारणींनी तोंडं फिरवली. सासू विमलबाई रडकुंडीला आल्या, "लाव ना गो बाय, लोकं काय काय बोलतान." निशिगंधा बधली नाही.

संध्याकाळी दारापुढचा मांडव भरला. हौसेराव माइकवर गरजले, "जिला नवऱ्याची लाज वाटते, अशी बायको शहिदाच्या नशिबी यावी!"

निशिगंधाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने घरातून कोयती आणली, फ्लेक्सखाली स्टूल ठेवलं आणि वर चढली. स्टूल डगमगलं. विमलबाई धावत आल्या. वर्षापूर्वी त्याच हातांनी त्यांनी सुनेच्या बांगड्या फोडल्या होत्या. त्याच हातांनी आता स्टूल घट्ट धरलं.

"काप बाय. माजा पोर घरान आन."

निशिगंधाने विपुलचा चेहरा अलगद कापून सासूच्या हाती दिला. सवाष्णी हार घेऊन तशाच उभ्या होत्या. तिने एकीच्या हातातला हार ओढून घेतला आणि फ्लेक्सवर उरलेल्या हौसेरावांच्या फोटोला घातला.

"घ्या. विधवेच्या हातचा. रीत तुमचीच हाय."

जित्या माणसाच्या फोटोला हार! हौसेरावांचा चेहरा पांढराफटक पडला, हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडे गेला.

विमलबाईंनी दार उघडं ठेवलं. ज्यांना विपुलला खरोखर हात जोडायचे होते ते आत आले, कुणी बॅज लावून, कुणी न लावता. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

वाचकहो, तुमच्याही गल्लीत उद्या असा फ्लेक्स लागेल. तेव्हा त्या शहिदाच्या बायकोला कुठे बसवणार आहात?