गाडीखालचे पाय

ऑस्ट्रेलियातल्या डार्लिंग नदीकाठच्या तळावर आमच्या मोटरहोमखालून, म्हणजे चाकांवरच्या घराखालून, माझ्या नवऱ्याचे, मर्व्हचे, पाय दिसले की शेजारणी हेव्याने उसासे टाकतात. दर रविवारी हा ग्रीसगन घेऊन खाली शिरतो, तो थेट जेवायलाच उगवतो.

आज कुत्रा त्याच्या बुटावर मुतला, तरी एक शिवी आली नाही. मी बूट ओढला. विजारीत नुसत्या उशा कोंबलेल्या. गळ घेऊन स्वारी नदीवर.

मग मीच खाली शिरले. सगळीकडे ग्रीस भरलं, चाकांचे नट करकचून आवळले.

"नोरीन, तू कशाला गं? मर्व्ह आहे ना?" शेजारच्या बेरिलने विचारलं.

"आहे की. पडू दे त्याला," म्हणत मी गाडी पुढच्या गावाला काढली.

उशा तिथेच ठेवल्यात. रात्री लागतील त्याला.