खांद्यावरची तारीख

मित्रांनो, मी एक जुनी टाकी आहे. टाकी म्हटल्याबरोबर तुम्ही गच्चीकडे बघाल, पण मी पाण्याची नव्हे. मी हवेची टाकी आहे. समुद्रात बुडी मारणारे लोक मला पाठीवर बांधतात आणि माझ्या पोटातली हवा नळीने ओढत खाली हिंडतात. मासे बघून ते वर येतात, सगळ्यांना माशांची वर्णने सांगतात आणि मला कोपऱ्यात उभी करतात. त्याची मला सवय आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमच्या गरम ठोकळ्यावर मोठा दाब दिला, मान आवळली आणि खांद्यावर माझा नंबर, महिना आणि साल ठोकून उमटवले. आमच्या जातीत वय लपवता येत नाही. दर पाच वर्षांनी आम्हाला तपासणीला जावे लागते. तिथे आमच्यात पाणी भरून दाब देतात, आत दिवा घालून बघतात आणि पास झालो तर खांद्यावर नवी तारीख ठोकतात.

मला सरांनी घेतले. ते तेव्हा नुकतेच या बेटावर आले होते. मागच्या गल्लीत, कपडे धुण्याचे दुकान आणि सुताराचे दुकान यांच्या मधल्या दोन खोल्यांत त्यांनी बुडी शिकवायची शाळा काढली. नवखी माणसे घाबरून भसाभसा श्वास घेतात आणि अर्ध्या तासात मला रिकामी करतात. सरांना मी तासाभराहून जास्त पुरत असे. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "ही माझी पहिली टाकी." मी फुलून जाई.

याच लाडाने घोटाळा केला. तपासणीची जागा बेटावर नव्हती. टाक्या बोटीने पलीकडे पाठवाव्या लागत आणि त्या परत यायला तीन आठवडे लागत. सर बाकीच्या टाक्या वेळेवर पाठवत. माझ्यापाशी आले की म्हणत, "हिला पुढच्या खेपेला." असे करता करता माझी तारीख उलटून चौदा महिने झाले. खरे सांगते, मला ते आवडत होते. जी टाकी घरी ठेवून घेतात ती लाडकी, असे मी समजत होते.

अशातच एका सकाळच्या बोटीने मायलेकी आल्या. लेक गावातल्या तलावावर मुलांना पोहायला शिकवत असे. ती नोकरी सोडून तिला समुद्रात इतरांना खाली नेण्याचे शिक्षण घ्यायचे होते. दोन महिन्यांचे शिक्षण, आणि पुढे आयुष्यभर दुसऱ्यांच्या जिवाची जबाबदारी. आई इस्पितळात शस्त्रक्रियेच्या खोलीत सिस्टर होती, नुकतीच निवृत्त झालेली. तिची अट साधी होती. पाच वाजेपर्यंत मनासारखी शाळा सापडली तर लेक राहील, नाहीतर दोघी त्याच दिवशीच्या बोटीने परत जातील आणि हा विषय पुन्हा निघणार नाही.

आधी त्या धक्क्यासमोरच्या मोठ्या शाळेत गेल्या. तिथे काचेचे दार, थंडगार खोली, स्वतःचा तलाव आणि चार बोटी. लेकीला ती पसंतच पडली होती. आईने हवा भरायची जागा बघायला मागितली. तिथला माणूस गोड हसून म्हणाला, "तिकडे पाहुण्यांना नेत नाही, काकू." काकूंनी छत्री उचलली. हे सगळे लेक आमच्या दारात आल्यावर चिडून सरांना सांगत होती, म्हणून मला कळले.

सर म्हणाले, "आमच्याकडे बघण्यासारखं तेवढंच आहे. या." त्यांनी दोघींना मागच्या खोलीत आणले. मी हवा भरायच्या यंत्राशेजारी उभी होते. दुपारी लेकीला पाण्यात नेऊन बघायचे म्हणून सर मला भरायला घेणार होते.

"हिला माझी पहिली टाकी देतो," ते कौतुकाने म्हणाले.

आईने तीस वर्षे इस्पितळात प्राणवायूच्या टाक्यांचे जे केले तेच केले. चष्मा लावला, मला मानेला धरून फिरवले आणि खांद्यावरची तारीख वाचली. मग बोटांवर महिने मोजले.

"चौदा महिने झाले हिची तपासणी चुकून."

"आई, झालं का तुझं सुरू?" लेक कुजबुजली. तिचा चेहरा उतरला होता. आता ही शाळाही गेली, हे तिला दिसत होते.

सर म्हणाले, "अहो ताई, ही फक्त उथळ पाण्यात वापरतो."

"उथळ पाण्यासाठी भरताना हवा कमी भरता का?"

सरांनी वाकून तारीख स्वतः वाचली. मला वाटले, आता ते या बाईला दार दाखवतील. मला तिचा भयंकर राग आला होता. पण सर म्हणाले, "नाही. तेवढीच भरतो. चूक माझी आहे."

त्यांनी माझी चावी उघडली. उरलेली हवा फुसफुसत बाहेर गेली आणि शेजारचा सुतार काय झाले म्हणून डोकावून गेला. माझ्या मानेला लाल पट्टी बांधली. मग सरांनी दुपारच्या लोकांना फोन केला, "आज पाण्यात जायचं नाही, सगळ्या टाक्या पुन्हा बघतोय." बावीस टाक्या ओळीने उभ्या राहिल्या. आई स्टुलावर बसून तारखा वाचू लागली, लेक वहीत लिहू लागली. बाकी सगळ्यांच्या तारखा बरोबर निघाल्या. हे आटपेपर्यंत साडेचार वाजले.

लेक वही मिटून म्हणाली, "आई, मला इथेच शिकायचंय."

आईने छत्री उचलली. ती तिघे धक्क्याकडे निघाली तेव्हा सरांनी मला खांद्यावर घेतले होते. त्याच बोटीने मला तपासणीला पाठवायचे होते. बोट लागली. लेक मुकाट्याने बॅग उचलू लागली.

"ती खाली ठेव," आई म्हणाली. "ऑपरेशन थिएटरमध्ये मी कितीतरी जणांना चुका दाखवल्या. बहुतेक जण आधी माझ्यावरच ओरडायचे. हे सर ओरडले नाहीत." मग सरांकडे वळून म्हणाली, "आता माझी लेक तुमच्या हाती."

बोटीत मी आईच्या पायांशी आडवी पडले होते. ती पलीकडे पोहोचेपर्यंत डोळे पुसत होती. तरी माझा राग गेला नव्हता.

तपासणीवाल्याने माझ्या मानेतून दिवा आत घातला आणि बराच वेळ बघत राहिला. मग त्याने सरांना फोन लावला. माझ्या मानेत, आतल्या आट्यांमध्ये, उभी चीर गेली होती. तो म्हणाला, "अजून एकदा भरली असती तर फुटली असती. भरताना जवळ कोण असतं?"

मग सर म्हणाले, "मीच असतो. हिच्यावर हात ठेवून उभा असतो."

मित्रांनो, आता मला आरपार भोक पाडले आहे, म्हणजे चुकूनही कोणी मला भरणार नाही. मला त्याचे वाईट वाटत नाही. तुम्हाला एवढीच विनंती, जी वस्तू तुमची फार आवडती असेल, तिची तपासणी सगळ्यात आधी करा. मला माझ्या माणसाजवळ राहायचे होते, आणि मी त्याचाच जीव घेतला असता.