घंटी आन् सारवणाची बैठक

दीपमालेनं ट्रेमधल्या कात्र्या इतक्या खेपा मोजल्या, का त्यायची धार बोथट झाली. दाईपणाच्या कोर्सची ही तिची दुसरी परीक्षा, आन् आखरीची. मांगच्या खेपेस सरावाच्या बाहुलीचा खांदा अडकला, तं तिनं डोकंच ओढलं. बाहुलीच्या मानेतली घंटी अशी ठणाणली, का पिपरी मेघे गावातल्या पोरायले वाटलं शाळा सुटली. आज पुन्हा वाजली, तं गाठोडं बांधून आपल्या गावाले, कारंज्याले वापस.

परीक्षेपुरती बाळंतीण बनली होती तिची रूममेट काजल. कंबरेले रबराचं पोट बांधलं, आत बाहुली. काजल अशी कण्हे, का हायवेवरचे ट्रक ब्रेक मारत. परीक्षा घेणाऱ्या मयुरी मॅडम भिंतीले टेकून उभ्या. पापणीबी हालवत नाई.

डोकं बाहेर आलं, आन् थांबलं. खांदा अडकला.

आता बाईले उताणीची उलटी करायची, हात-गुडघ्यावर. थे दीपमालेले पाठ होतं.

"घोडी हो," ती घाईनं म्हणाली. वार्डात सारेच म्हणत.

काजलचं कण्हणं बंद झालं. "मी काय घोडी आहो?" म्हणे, आन् पाट्यावानी ताठ पडून राह्यली. अडून बसजो, असं मॅडमनं तिले आधीच सांगून ठेवलं होतं. दीपमालेले काय मालूम!

बाहुलीचं तोंड निळं पडाले लागलं; आत दिवा होता तसा. दीपमालेचा हात डोक्याकडं गेला. एक झटका देला तं निंघन. बोटं मानेले लागली, आन् तिनं चटका बसल्यावानी हात मांगं घेतला. काजलच्या कानाशी वाकली.

"माय, घर सारवाले बसते ना, तशी बस. मी धरतो तुले."

काजलनं लहानपणापासून घर सारवलेलं. तिचं आंगच फिरलं. हात टेकले, गुडघे टेकले.

पन आता सारं उलटं. जो खांदा खाली होता, थो वर. दीपमालेनं मनातल्या मनात बाई पुन्हा एकदा फिरवली, मंग वरच्या खांद्यामांगं बोटं सरकवली. हळूच. खांदा सुटला, पोरगं हातात आलं.

घंटी गप.

दीपमालेनं बाहुली पुसून काजलपाशी ठेवली, चादर पांघरली, तिची कंबर चोळाले लागली. परीक्षा संपली हे ध्यानातच नाई.

"पास," मॅडम म्हणाल्या. "वार्डात आता कोणाले घोडी म्हणू नोको."

काजल उठलीच नाई. "चोळत राह्य वं दीपे, खरंच दुखून राह्यलं."

हॉस्टेलातल्या पोट्ट्या आजबी सांगतेत, का त्या वक्ती प्लास्टिकचं पोरगं रडलं. कंपनीनं त्याच्यात रडाची सोय ठेवलीच नोहती, थे सोडा.