तारेची तहान

"मुळाशी घाल पानी, पोरी. खाली तार निजली हाय, तिले तहान लागते."

चामोर्शीच्या अंगणात, मेंदीच्या झुडपापाशी, तांदूळ धुतलेलं पाणी ओतायला देताना आई असं म्हणायची आणि लहानगी जाहिदा खुदकन हसायची. झाडाला तहान लागते, तारेला कशी लागेल? आई, सलीमाबी, जाऊन आता दोन उन्हाळे झाले होते. मेंदी वाळून काडी झाली होती.

पण आज जाहिदाचं ध्यान मेंदीकडे नव्हतं. मागच्या खोलीत स्पीकरच्या दोन्ही पेट्या घूंऽऽ करत होत्या.

ही खोली तिनंच हट्टानं उभी केली होती. भिंतींना वाकळा टांगल्या, टेप आणि ॲम्प्लिफायर मांडला, तारन् तार स्वतः जोडली. "अब्बा, वरातीत पेट्या वाजवन्यापरीस आपल्या लोकायची गानी भरू." गुलाम रसूल, गावाचा रेडिओ मिस्त्री, नाइलाजानं हो म्हणाला होता. प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला त्याचाच आवाज असायचा, "रेकॉर्डिंग, गुलाम रसूल मिस्त्री, चामोर्शी." जाहिदाबद्दल कोणी विचारलं तर म्हणायचा, "पोरगी हाताखाली असते."

"आज नाई जमलं, तं उद्यापासून पेट्या वरातीले," तो दारातूनच बोलला.

बायनाबाई माईकसमोर ताटकळली होती. बुद्धपौर्णिमेला विहारात वाजवायला तिची स्वतः रचलेली गाणी भरायची होती, आणि उद्या ती तेंदूपत्ता तोडायला आलापल्लीकडे निघणार होती.

"गुलामभाऊ, पेटीत भुंगा कोंडला का जी? मी गाऊन राह्यली, का तो गाऊन राह्यला?"

"लाइनच खराब हाय, बाई."

जाहिदानं ट्यूबलाइट विझवली, पंखा बंद केला. माईकची तार बदलली. टेप ॲम्प्लिफायरपासून लांब सरकवला. घूं तस्संच. घामानं तिची ओढणी पाठीला चिकटली.

"थकली व पोरगी," म्हणत बायनाबाईनं टेकायला ॲम्प्लिफायरच्या लोखंडी डब्यावर हात ठेवला. घूं एकदम बारीक झालं. हात उचलला, पुन्हा मोठं.

"बाई! ठेवा बरं हात पुन्हा."

"काऊन व? मले करंट चिटकवतं का?"

पण तिनं ठेवला. घूं पुन्हा दबलं. जाहिदानं बायनाबाईच्या पायांकडे पाहिलं. उन्हाळ्यात गारवा म्हणून सकाळी पाणी शिंपडलेल्या खोलीच्या ओल्या मातीवर ते उघडेच होते. म्हणजे बाईच्या अंगातून डबा जमिनीला भेटत होता. मग त्याची स्वतःची, जमिनीत पुरलेली अर्थिंगची तार जमिनीला का भेटत नव्हती?

खाली तार निजली हाय.

जाहिदा धावत सुटली. मेंदीच्या बुंध्याशी माती सुकून भेगाळली होती, खालच्या तारेला धरतच नव्हती. तिनं बादली उपडी केली, पुन्हा भरली, पुन्हा ओतली. माती चुळचुळ आवाज करत पीत राहिली. तिचं पोट भरेना, आणि जाहिदाचे हात थांबेनात.

आतून अब्बा ओरडला, "लाइन गेली काय व?"

ती दारात आली. ॲम्प्लिफायरचा लाल दिवा जळत होता. पेट्या गप्प होत्या. बाहेर झाडावरच्या होल्या पाखराचं घुमणंसुद्धा ऐकू येत होतं.

"लाइन हाय, अब्बा. भुंगा गेला."

गुलाम रसूलनं पेटीला कान लावला, दुसरीला लावला. मग खिडकीतून ओल्या मेंदीकडे पाहिलं. तारेच्या टोकाची तांब्याची पाटी त्यानंच तिथं पुरली होती, बायकोनं वर मेंदी लावली होती. कोण रोज पाणी घालायचं, ते त्याला आज उमगलं.

बायनाबाईनं गळा साफ केला आणि हलकेच गुणगुणली,

"निळं लुगडं नेसून, मी चालले विहारी गं,
उजेड माझ्या घरचा, मावेना या पदरी गं."

पेट्यांतून फक्त तिचाच आवाज आला, धुतलेल्या तांदळासारखा. जाहिदाची मान आपोआप ताठ झाली.

"भरू आता?" तिनं विचारलं.

"थांब." अब्बा माईकपाशी वाकला. टेप फिरू लागला.

"रेकॉर्डिंग..." तो अडखळला. लेकीकडे पाहिलं. मग गावाला ऐकू जावं असा खणखणीत बोलला, "जाहिदा मिस्त्री. सलीमाबीची लेक. चामोर्शी."